चार बादशाहांचा घोळ

प्युअर सिक्वेन्स ट्रेलपेक्षा दुर्मिळ आहे! तीन पत्तीत आजवर ज्यांनी ज्यांनी बदामची सत्ती-अठ्ठी-नव्वी छातीशी धरली आणि समोरून तीन दुर्ऱ्या पडल्या म्हणून निमूटपणे डाव सोडला, त्या सगळ्यांवर अन्याय झालेला आहे, आणि तो मोजून दाखवता येतो. 52 पत्त्यांतून तीन पत्त्यांचे जेवढे म्हणून हात निघतात, त्यांत ट्रेल (एकाच आकड्याचे तीन पत्ते) निघतात 52 आणि प्युअर (एकाच चिन्हाचे तीन सलग पत्ते) निघतात 48. जे कमी वेळा लागतं ते मोठं, हा तर सगळ्या खेळाचा पाया. तरीही वर बसते ती ट्रेलच. हे कळल्यापासून मी काटोलात दिसेल त्याला धरून सांगते आहे. शेजारच्या वयनींना सांगून झालं, दूधवाल्याला सांगून झालं. दूधवाला म्हणाला, "ताई, तुम्ही बी खेळता?"

हो, खेळते. दिवाळीत, घरच्या घरी, चिंचोक्यांवर. पण मोजलं कधी नव्हतं.

सुरुवात झाली दहावीच्या गणिताच्या पुस्तकापासून. भाग 1 मधलं पाचवं प्रकरण संभाव्यतेचं. लेक मोठ्यानं वाचत होती: एक पत्ता काढला तर तो एक्का असण्याची संभाव्यता किती, चित्राचा असण्याची किती, इस्पिकचा असण्याची किती. आपल्याकडे गंमतच आहे. परीक्षेच्या दिवसांत पोरांच्या हातात कॅट दिसला तर पाठीत धपाटा बसतो, आणि मंडळाचं पुस्तक मात्र कॅटमध्ये लाल किती, काळे किती, हे रीतसर शिकवतं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, बंगईवर बसून ऐकत होते. त्यांचं आयुष्य संत्र्याच्या बागेत गेलं आणि दिवाळीच्या रात्री तासपत्त्यांत. म्हणाले, "एका पत्त्याचा कोणता खेळ असते वं? तीन पत्त्याचं सांगते काय तुयं पुस्तक?"

पुस्तक सांगत नव्हतं. लेक म्हणाली, "ते पुढच्या वर्गात असते आबाजी." मी बी.कॉम., गणिताशी उरलेला संबंध दुधाच्या हिशेबापुरता. पण प्रश्न असा काही टोचला की मी तिच्या वहीचं शेवटचं पान उघडलं, आणि ती संध्याकाळ तिथेच संपली.

पहिला प्रश्न साधा. एकूण हात किती? पहिला पत्ता 52 पैकी कोणताही, दुसरा उरलेल्या 51 पैकी, तिसरा 50 पैकी. गुणाकार झाला 1,32,600. पण एक्का-सत्ती-राणी आली काय आणि राणी-एक्का-सत्ती आली काय, हातात धरल्यावर तो एकच हात. तीन पत्ते सहा तऱ्हांनी मागेपुढे होतात, म्हणून सहानं भागायचं. उत्तर 22,100. बस, एवढंच! मला वाटत होतं कोटीच्या घरात जाईल. ज्या खेळापायी पोळ्याच्या सुमारास दरवर्षी पेपरात 'जुगारावर धाड' अशा बातम्या येतात, ज्यात लोक रात्र रात्र बसतात, त्याचं अख्खं विश्व 22,100 हातांचं! दर दहा सेकंदांना एक हात मांडत गेलो, तर अडीच दिवस-रात्रींत सगळं सतरंजीवरून सरकून जाईल. मी मांडायलाच बसले होते, लेकीनं अडवलं.

मग ट्रेल. चारही सत्त्या सतरंजीवर ओळीनं ठेवल्या. यातल्या तीन किती तऱ्हांनी उचलता येतील? मी उचलू लागले. पहिली-दुसरी-तिसरी, पहिली-दुसरी-चौथी... लेक म्हणाली, "आई, उचलू नको ना. एक बाजूला सरकव." तिनं इस्पिकची सत्ती बोटानं ढकलली. उरल्या त्या तीन, ती एक ट्रेल. ती परत ओळीत आणली आणि बदामची ढकलली, ही दुसरी. चार सत्त्या, चार ट्रेल. मला तिथेच शहारा आला. म्हणजे ट्रेल ओळखायची ती हातात नसलेल्या पत्त्यावरून! कॅटमधला कोणताही पत्ता घ्या, चौकटची दुर्री घ्या, किलवरचा गुलाम घ्या: तो ज्या ट्रेलमध्ये नाही अशी त्याच्या भावंडांची नेमकी एक ट्रेल असते. पत्ते 52, म्हणून ट्रेल 52. तेरा चोक करून हेच उत्तर येतं, पण तो पाढा झाला. हे डोळ्यांनी दिसलं.

आता प्युअर. इस्पिकचे तेरा पत्ते एक्क्यापासून बादशाहपर्यंत लांब मांडले, आणि मामाजींच्या काठीनं (बंगईवरून तेच काठी पुढे करत होते) सुरुवातीच्या पत्त्यावर खूण करत गेलो. एक्क्यापासून एक्का-दुर्री-तिर्री. दुर्रीपासून दुर्री-तिर्री-चौकी. असं करत करत गुलाम-राणी-बादशाह, मग राणी-बादशाह-एक्का. प्रत्येक प्युअर तिच्या पहिल्या पत्त्याच्या नावानं ओळखता येते. पुन्हा तेच! ट्रेलला एक पत्ता, प्युअरला एक पत्ता. मग प्युअरही 52 च व्हायला हव्यात. काठी बादशाहवर येऊन थांबली. बादशाहपासून कोणती निघते? बादशाह-एक्का-दुर्री.

"ते नाही चालत," मामाजी म्हणाले.

नाही चालत! कोणाच्याच घरी चालत नाही. एक्का राणी-बादशाहच्या पुढे बसतो, दुर्री-तिर्रीच्या मागेही बसतो, पण त्याला मधोमध बसवून बादशाह आणि दुर्रीची गाठ घालून देत नाहीत. म्हणून इस्पिकच्या बारा, बदामच्या बारा, चौकटच्या बारा, किलवरच्या बारा. 48. जे चार कमी पडतात ते हे चार बादशाह, ज्यांच्यापासून प्युअर सुरूच होत नाही. बाकी सगळा हिशेब तंतोतंत बरोबरीचा. इतक्या स्वच्छ कारणानं इतका जुना नियम उलटा पडलेला मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

मामाजी बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी निकाल दिला: "मंग बादशाह-एक्का-दुर्री चालू द्या. बरोबरी होऊन जाईन." आणि खरंच होते! तो एक नियम सैल केला की 52 विरुद्ध 52. उलट, कुठल्या घरी एक्का-दुर्री-तिर्रीही मानत नसतील, तर तिथली प्युअर 44 वर येते आणि अन्याय दुप्पट होतो. घरचा नियम काय, हे विचारल्याशिवाय कोणाच्या घरी तीन पत्तीला बसू नये, असं माझं आता ठाम मत आहे.

इतकी वर्षं हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? इंग्रजांचा ब्रॅग नावाचा तीन पत्त्यांचा खेळ आपल्या खेळाचा जवळचा नातेवाईक. त्यातही हीच उतरंड आहे, उलट तिथं तीन तिर्ऱ्या सगळ्यांत वर बसवल्या आहेत. उत्तर आकड्यांतच आहे. ट्रेल 425 हातांत सरासरी एकदा, प्युअर 460 हातांत एकदा. नुसतं खेळून हा फरक जाणवायला माणसाला हजारो हजार हात मोजून लिहून ठेवावे लागतील, आणि पत्ते खेळणारा माणूस वहीत लिहितो ते फक्त कोणाचे किती चिंचोके येणं आहे ते. मामाजींचं म्हणणं वेगळंच. मे 2012 मध्ये आमच्या काटोलच्या परिसरात आभाळातून उल्केचे दगड पडले होते. ज्या तालुक्यानं तेही पाहून झालं, त्याला 22,100 मधल्या चाराचं काय अप्रूप!

मला आहे. पुढचं सगळं मी त्याच झपाट्यात मोजलं. साधा सिक्वेन्स (सलग पत्ते, पण एकाच चिन्हाचे नाहीत) 720, कलर (एकाच चिन्हाचे, पण सलग नाहीत) 1,096, जोडी 3,744. आणि उरलेले, ज्यात काहीच लागत नाही असे, 16,440! शंभरातले चौऱ्याहत्तर हात रिकामे. दिवाळीच्या रात्री "आज पत्ताच नाही येऊन राहिला" म्हणून जो तो कपाळावर हात मारतो, त्यानं हे पाहावं. पत्ता कोणालाच येत नसतो. चार वेळा वाटले की तीन वेळा काहीच नाही, हाच न्याय आहे. कुणा सहा जणांच्या बैठकीत कोणाच्या तरी हाती ट्रेल दिसायला सरासरी सत्तरेक वाटप लागतात. आणि तीन एक्के? 5,525 हातांत एकदा. मामाजींना ते एकदाच आलेत, आणि त्या रात्री सगळ्यांनी आधीच पॅक करून डाव सोडला होता. ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला पाठ आहे.

मग मी पोकरशी ताडून पाहिलं आणि दुसरा धक्का बसला. पोकरमध्ये पाच पत्ते, आणि तिथं कलर सिक्वेन्सपेक्षा मोठा! आपल्याकडे उलटं. यातला एक खेळ चुकतो आहे, असं मला वाटलं. पण दोघंही बरोबर आहेत! तीन पत्त्यांत कलर 1,096 आणि सिक्वेन्स 720, म्हणजे सिक्वेन्स दुर्मिळ. पाच पत्त्यांत कलर 5,108 आणि सिक्वेन्स 10,200, म्हणजे कलर दुर्मिळ. तीनावरून पाचावर गेलं की कलर पंचवीस पटींनी अवघड होतो, सिक्वेन्स जेमतेम सव्वाआठ पटींनी. कारण कलरला दरवेळी त्याच तेरांतला पत्ता लागतो, आणि त्या तेरांतले तर कमी कमी होत जातात. सिक्वेन्सला पुढचा आकडा कोणत्याही रंगाचा चालतो. मग काटा फिरतो कुठे? चारानंतर लगेच. चार पत्त्यांचा खेळ कोणी खेळतं की नाही ठाऊक नाही, पण मी मोजला: सिक्वेन्स 2,772, कलर 2,816. अवघा 44 चा फरक! आणि चार पत्त्यांतल्या प्युअर किती? 44. हे आकडे एकमेकांशी बोलून ठेवतात की काय कोण जाणे. जोडीचा तो 3,744 आहे ना, पोकरमधल्या फुल हाऊसचे हातही बरोबर 3,744. त्याचं कारणही गुणाकार मांडला की लगेच दिसतं, पण ते मी वाचणाऱ्यासाठी सोडते. एवढा आनंद एकटीनं घेणं बरं नाही.

खरा उपयोगाचा प्रश्न मामाजींनी विचारला. "हे सारं ठीक हाये. लढाव कधी, थे सांग."

म्हणून सगळे 22,100 हात मनातल्या मनात मोठ्यापासून लहानापर्यंत एका रांगेत उभे केले आणि मधोमध कोण येतं ते शोधलं. वरचे 5,660 जोडीचे किंवा जोडीहून मोठे. त्यानंतर ज्यात नुसता एक्का मोठा आहे असे 3,840. झाले 9,500. मग बादशाह मोठा असलेले सुरू होतात, बादशाह-राणी, बादशाह-गुलाम, बादशाह-दश्शी... आणि 11,050 वा हात सापडला: बादशाह, दश्शी, दुर्री. हा अर्ध्या वाटेवरचा दगड. समोर एकच गडी असेल आणि तोही ब्लाइंड, म्हणजे पत्ते न पाहता खेळणारा, तर बादशाह-दश्शीच्या वर तुमचं पारडं जड, खाली त्याचं. इतका फाटका दिसणारा हात, आणि निम्म्या जगाला हरवतो!

पण गडी वाढले की हा दगड झपाट्यानं वर सरकतो. एकमेकांचे पत्ते एकाच कॅटमधून येतात, त्यामुळे पुढचे आकडे थोडे अंदाजाचे, पण अगदी जवळचे. तिघं बसले तर निम्म्या वेळा जिंकायला एक्का-राणी हवी. चौघं असतील तर एक्काही पुरत नाही, पंजी-छक्कीची जोडी हवी. पाच जणांत नव्वीची जोडी. सहा जणांत गुलामांची. पाच जणांच्या बैठकीत कोणाकडेच जोडी किंवा तिच्याहून मोठं काही नाही असं शंभरातून तेवीस वेळाच होतं.

हे वाचून दाखवलं तेव्हा मामाजी हसायला लागले. "दोघंच उरले तं बादशाहवर बी लढाव, गर्दी असन तं जोडीशिवाय हात नाही लावाव. हे माया बापानं मले सांगतलं होतं." मी वही पुढे केली, त्यांनी ती घेतलीही नाही. सबंध आयुष्य पत्ते पाहून जे मुरलं ते आणि एका संध्याकाळी पेन्सिलनं जे निघालं ते, दोन्ही एकाच जागी येऊन बसलं. मला त्यात माझा पराभव मुळीच वाटला नाही. उलट नियम बरोबर निघाला म्हणून मीच टाळी वाजवली.

त्यांनी आणखी एक दाखवलं. मामाजी तिन्ही पत्ते एकदम उघडत नाहीत. एकावर एक धरून अंगठ्यानं वरचा पत्ता कणाकणानं सरकवतात. आधी कोपऱ्यावरचा रंग, मग आकड्याचं टोक. पहिले दोन पत्ते सत्त्या निघाल्या. तिसरा सरकतो आहे. आता ट्रेलची आशा किती? राहिलेल्या 50 मध्ये सत्त्या 2, म्हणजे पंचवीसात एक. बदामची सत्ती-अठ्ठी निघाली तर? बदामची छक्की चालेल किंवा नव्वी, पुन्हा 50 मध्ये 2, आशा तेवढीच. पण बदामचा बादशाह आणि एक्का निघाला, केवढा देखणा जोड, तर फक्त राणी चालते: पन्नासात एक. पुन्हा तोच बादशाहचा घोळ! दिसायला सगळ्यांत श्रीमंत दोन पत्ते, आणि प्युअरची आशा निम्मी. आता मामाजींचा अंगठा सरकतो तेव्हा मी शेजारी बसून 'दोन पन्नासांश, एक पन्नासांश' असं पुटपुटते. ते वैतागतात.

अर्थात नुसत्या मोजणीवर खेळ होत नाही, हे मलाही कळतं. सगळे ब्लाइंड असतील तोवर माझा आकडा राजा. पण समोरच्यानं पत्ते पाहिले आणि पाहूनही चाल दिली, की रांग बदलली. आता तो 22,100 मधला कुणीही राहिला नाही. जे हात पाहून तो पॅक करतो ते सगळे रांगेतून वजा झाले, आणि माझा बादशाह-दश्शी अर्ध्या वाटेवरून पार तळाशी गेला. चाल देऊन त्यानं मला बातमी दिली आहे. खोटीही दिली असेल. ती खरी की खोटी हे ओळखायला माणूस ओळखीचा लागतो, आणि तिथं माझी वही बंद पडते. 1967 साली सर्वोच्च न्यायालयानं आंध्र प्रदेश सरकार विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात रमीला कौशल्याचा खेळ ठरवलं, आणि ठरवताना सांगितलं की रमी काही तीन पत्त्यांच्या फ्लश किंवा ब्रॅगसारखी निव्वळ नशिबाची नाही. ऐकून मामाजींना फार लागलं. "साहेब कधी आमच्या संग बसले नसन." मी मध्यम मार्ग काढते: वाटप निव्वळ नशिबाचं, आणि ते किती नशिबाचं हेही आता वहीत आहे. पैसे लावले की मात्र 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे, म्हणून आमचे चिंचोके बरे.

ही मोजणी कुणी काढली म्हणून शोधू गेले, तर आधी सापडला इटलीतला वैद्य कार्दानो. सोळाव्या शतकातला, स्वतः पट्टीचा जुगारी. त्यानं फाशांच्या शक्यतांवर पुस्तक लिहून ठेवलं, ते छापलं गेलं 1663 मध्ये, तो गेल्यावर कित्येक वर्षांनी. तोवर पास्काल आणि फर्मा यांची 1654 मधली प्रसिद्ध पत्रं होऊन गेली होती. पण तीन पत्ते किती तऱ्हांनी निवडायचे, ही रीत? ती थेट लीलावतीत आहे! 1150 सालच्या. भास्कराचार्यांनी विचारलं आहे, सहा रसांतून एक, दोन, तीन असे रस घेऊन किती निरनिराळे पदार्थ होतील. सहातून तीन रस: 6 गुणिले 5 गुणिले 4, भागिले 6, उत्तर 20. माझं 52, 51, 50 आणि भागिले 6 म्हणजे तीच रीत, नुसते आकडे बदललेले. मी आंबट-गोड-तुरटच्या जागी बदाम-चौकट-किलवर मोजत होते. चाळीसगावजवळ पाटणादेवीला शिलालेख आहे, त्यात नातवानं, चांगदेवानं, या आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याची नोंद आहे. आजोबांचं गणित नातवंडांनी पुढे चालवायचं, ही पद्धत जुनीच दिसते.

तरी भास्कराचार्यांनी मोजलं ते रसांपुरतं; डावाशी त्याची गाठ घातली नाही. ती गाठ ज्यानं घातली तो मला सापडला तेव्हा मी स्वयंपाक अर्धवट सोडून बाहेर आले. ऋतुपर्ण! महाभारतातल्या वनपर्वात, नळाच्या कथेत. द्यूतात राज्य घालवून बसलेला नळ बाहुक नावानं ऋतुपर्णाचा सारथी झालेला असतो. रथ धावत असताना वाटेत एक बेहड्याचं झाड लागतं. ऋतुपर्ण नुसत्या नजरेनं सांगतो, झाडावर पानं किती, फळं किती. नळाचा विश्वास बसत नाही, तो रथ थांबवून मोजून पाहतो. आकडा जुळतो. राजा म्हणतो, मला फाशांचं मर्म ठाऊक आहे, म्हणून मी मोजणीत निपुण. मग नळ त्याला अश्वविद्या देतो आणि त्याच्याकडून अक्षविद्या घेतो. तेव्हाचे फासे बेहड्याच्या फळांचेच असायचे, तेव्हा झाडही उगाच निवडलेलं नाही. आणि रथ चालला होता कुठे? विदर्भाला! दमयंतीच्या गावाला, कुंडिनपुराला, ज्याला आपण वर्धेकाठचं कौंडिण्यपूर मानतो. म्हणजे संभाव्यतेचा पहिला धडा जगात जिथे कुठे दिला गेला असेल तो असो, गोष्टीतला तरी आमच्या दिशेनं येणाऱ्या रस्त्यावर दिला गेला.

मामाजींना यात नवल वाटलं नाही. संत्र्याचा बगीचा उक्ता देताना व्यापारी येतो, दोन धुऱ्यांमधून चक्कर मारतो, चार झाडांखाली उभं राहून वर पाहतो आणि बागेत किती माल निघेल ते सांगतो. सौदा त्यावरच होतो. अंबिया बहाराचा अंदाज चुकला तर नुकसान कोणाचं, हे तोडणी झाल्यावर कळतं. "थो ऋतुपर्ण संत्र्याचा व्यापारी असन," मामाजी म्हणाले, "आपण नळ."

आता हे वेड घराबाहेर गेलं आहे. आमचे हे रोज नागपूरला अप-डाऊन करतात. गाडीत चौघांचा मेंढीकोट ठरलेला, मांडीवर पेपर अंथरून. तिथं कायमचं भांडण असतं की वाटणारा लबाडी करतो, कारण ज्यांवर हा खेळ चालतो त्या चार दश्श्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अशा कधी येतच नाहीत. मी मोजून दिलं. दोन-दोन अशी वाटणी शंभरातून 39 वेळा. तीन-एक अशी 50 वेळा! चारही एकाच बाजूला 11 वेळा. म्हणजे पत्ते अगदी प्रामाणिकपणे पिसले तरी दश्श्या समसमान येण्यापेक्षा वाकड्या येणंच जास्त. एका तीन-एकमध्ये दोन गोष्टी लपलेल्या असतात, कधी तीन आमच्याकडे, कधी त्यांच्याकडे, म्हणून ते वरचढ ठरतं. चारही दश्श्या एका ठरावीक माणसाच्याच हातात येणं मात्र 379 वाटपांत एकदा. कागद गाडीत फिरला. एकानं तो घडी करून खिशात ठेवला, दुसऱ्यानं विचारलं, वयनीले रमीचं बी काढता येईन काय.

रमीचं काढायला बसले आहे. 52 मधून तेरा पत्त्यांचे हात होतात 63,501 कोटी 35 लाख 59 हजार 600. तीन पत्तीचं विश्व अडीच दिवसांत सतरंजीवरून सरकलं असतं, याला सतरंजी पुरायची नाही. मामाजींना नेमकं हवंय ते हे, की वाटल्या वाटल्या हातात एक तरी प्युअर असते असे त्यांतले किती. ते नुसत्या गुणाकारानं सुटत नाही, कारण एका हातात दोन-दोन प्युअर बसतात आणि तो हात दोनदा मोजला जातो. लेकीनं त्यावर एक युक्ती सुचवली आहे, आधी सगळे मोजायचे, मग दोनदा आलेले वजा करायचे, मग जास्त वजा झालेले परत मिळवायचे. पण तिची शुक्रवारी चाचणी आहे, संभाव्यतेवरचीच, आणि तोवर वही तिच्याकडे.